स्वतःचा अंदाज आणि समोरचा माणूस

(युवकांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आयोजकांनी मला आधी ‘आत्मविश्वास कसा वाढवावा’ हा विषय दिला होता. मी म्हटलं, त्यावर बोलणारे गल्लोगल्ली आहेत, मोबाइलवर तर दर तीस सेकंदाला एक. मला उलट बाजूने बोलू द्या. आत्मविश्वास गरजेपेक्षा जास्त झाला तर काय होतं, आणि तो जास्त झालाय हे ज्याचं त्याला कळणार कसं? मी मानसशास्त्राचा माणूस नाही, बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करतोय. त्यामुळे संशोधनातलं काय आणि माझं मत काय, हे शक्यतो वेगळं ठेवून बोलतो.

सुरुवात पैशापासून करू, कारण तिथे अंदाज चुकला की आकडा दिसतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास जाहीर केला. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये एक कोटीहून जास्त सामान्य लोकांनी व्यवहार केले. त्यातल्या ९३ टक्के लोकांना तोटा झाला, माणशी सरासरी सुमारे २ लाख रुपये. या बाजारात तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. हे व्यवहार हलाल की हराम ही चर्चा आज बाजूला ठेवतो. मला धक्का देणारी गोष्ट वेगळी आहे. तोट्यात गेलेल्यांपैकी पाऊण हिश्शाहून जास्त लोक व्यवहार करतच राहिले. म्हणजे निकाल समोर होता, खात्यातला आकडा लाल होता, तरी ‘मला जमतं’ हा अंदाज जागचा हलला नाही. माझ्या ओळखीच्या दोन घरांत त्या आकड्यात अब्बांच्या ग्रॅच्युइटीचे पैसे होते.

ही फक्त आपल्या पोरांची गोष्ट नाही. ओला स्वेन्सन नावाच्या स्वीडिश संशोधकाने १९८१ साली वाहनचालकांना विचारलं, तुम्ही इतरांच्या तुलनेत गाडी कशी चालवता? अमेरिकेतल्या ९३ टक्के आणि स्वीडनमधल्या ६९ टक्के लोकांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवलं. वरच्या निम्म्यात निम्मेच बसतात, एवढं गणित आपल्या सगळ्यांना येतं.

पुढे १९९९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या डनिंग आणि क्रूगर या दोघांचा प्रसिद्ध निबंध आला. तर्क, व्याकरण, विनोदाची जाण अशा चाचण्या त्यांनी विद्यार्थ्यांना दिल्या. सगळ्यात खालच्या पाव गटातले विद्यार्थी प्रत्यक्षात शंभरात बाराव्या पायरीच्या आसपास होते आणि स्वतःला बासष्टाव्या पायरीवर समजत होते. या निकालातला काही भाग निव्वळ सांख्यिकीचा खेळ आहे, असा आक्षेप नंतर अनेकांनी घेतला आणि त्यात तथ्य आहे. ‘मूर्खांनाच आत्मविश्वास असतो’ असा त्याचा सोशल मीडियावर फिरणारा अर्थ तर मुळात कुणी काढलाच नव्हता. पण त्याच निबंधातली एक गोष्ट कमी सांगितली जाते. खालच्या गटाला तर्काचं थोडं प्रशिक्षण दिल्यावर त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज खाली आला, खऱ्याच्या जवळ गेला. येतं किती हे कळायलाही आधी थोडं यावं लागतं.

तर्काला चाचणी आहे. मी ऐकून घेणारा माणूस आहे का, घरात माझ्याशी बोलताना लोक दबकतात का, टीम माझ्यामुळे पुढे जाते की माझ्या असूनही पुढे जाते, याला कुठली चाचणी? सिमिन वझीर यांनी २०१० मध्ये या प्रश्नावर काम केलं. आतली घालमेल, चिंता या गोष्टी माणसाला स्वतःला जास्त ठाऊक असतात. पण बुद्धिमत्ता, सर्जनशीलता यांसारख्या, ज्यांत चांगलं दिसण्याची हौस असते, अशा गोष्टींत आपल्यापेक्षा आपले मित्र जास्त अचूक ठरतात. माझ्या भीतीचा तज्ज्ञ मी, माझ्या हुशारीचा तज्ज्ञ तुम्ही!

‘जोहरी खिडकी’ हे नाव काहींनी ट्रेनिंगमध्ये ऐकलं असेल. तिचा जवाहिऱ्याशी काही संबंध नाही. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या दोघांनी १९५५ मध्ये ती मांडली आणि जो अधिक हॅरी मिळून जोहरी झालं. तिच्या चार खणांपैकी एक खण असा, की इतरांना दिसतो आणि आपल्याला दिसत नाही. आज त्या खणाबद्दलच बोलायचंय.

आमच्या धंद्यात याला एक सोय आहे. एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जात नाही. आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये त्याची रीतसर पद्धत मांडली, आज तिला कोड रिव्ह्यू म्हणतात. पण ही सोय कधी बंद पडते ते मी अनेकदा पाहिलंय. एखादा हुशार मुलगा असतो. प्रत्येक शेऱ्यावर तो वाद घालतो. शेरा देणाऱ्यालाच चार शेरे ऐकवतो. पहिले दोन महिने लोक भांडतात. सहा महिन्यांनी त्याच्या कोडवर फक्त ‘ठीक आहे’ एवढंच येतं. त्या मुलाला वाटतं, बघा, आता माझ्या चुकाच निघत नाहीत. प्रत्यक्षात चुका तेवढ्याच असतात, सांगणारे संपलेले असतात. फाजील आत्मविश्वासाचं हे यंत्र नीट समजून घ्या. त्या माणसाला आपण खोटारडा किंवा गर्विष्ठ म्हणतो, पण त्याच्यापर्यंत जी माहिती पोचते तिच्यावरून त्याचा निष्कर्ष बरोबरच असतो. माहितीच पोचत नाही. आणि ती अडते नात्यात.

म्हणून दुरुस्तीही नात्यातच करावी लागते. इथे थेरपी येते.

थेरपी म्हटल्यावर आपल्याकडे दोन चित्रं असतात. एक, वेड्यांचा डॉक्टर. दुसरं, कुणीतरी गोड बोलून ‘तू छान आहेस’ सांगणारं. मी ज्या प्रकाराबद्दल बोलतोय तो दोन्ही नाही. हॅरी स्टॅक सलिव्हन नावाचे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ होते, १८९२ ते १९४९. त्यांचं म्हणणं असं, की माणसाचं व्यक्तिमत्त्व त्याच्या एकट्याच्या डोक्यात शोधून सापडत नाही, ते माणसामाणसांतल्या व्यवहारात दिसतं. जुन्या नात्यातला माणूस आपण नव्या माणसावर चढवतो आणि मग समोरचा जे बोललाच नाही ते आपल्याला ऐकू येतं, हेही त्यांनी मांडलं. साहेब म्हणतो, ‘तिसरी ओळ बदल.’ आपल्याला ऐकू येतं, ‘तुला काही येत नाही.’ हा आवाज साहेबाचा नसतो, तो बऱ्याचदा शाळेतल्या सरांचा किंवा घरातला असतो. यावर सलिव्हन यांचा उपाय असा, की आपला समज दुसऱ्या माणसासमोर ठेवायचा, त्याच्याशी ताडून पाहायचा आणि मग ठरवायचं. थेरपिस्ट लांबून निरीक्षण करत नाही, तोही त्या व्यवहारातला एक माणूस असतो.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं? समजा, तिशीतला एक मुलगा आहे. तो ‘माझा आत्मविश्वास जास्त आहे’ म्हणून येत नाही, तसं कुणीच येत नाही. तो येतो कारण दुसरी नोकरी गेली किंवा बायको माहेरी गेली. पहिल्या भेटीत तो सगळं समजावून सांगतो, चूक कुणाची, कशी. थेरपिस्ट काही सुचवतात, तो म्हणतो, ‘हो, ते मला माहीत आहे.’ दुसऱ्या भेटीत तेच. तिसऱ्या भेटीत त्या म्हणतात, ‘मी काही बोलले की तुम्ही “माहीत आहे” म्हणता. मला इथे आपण नसतो तरी चाललं असतं, असं वाटू लागलंय. घरी किंवा ऑफिसात कुणाला असं वाटत असेल का?’

या वाक्यात उपदेश नाही, निदान नाही. समोरच्या माणसाच्या मनावर तुमचा काय परिणाम होतो, ती माहिती आहे. बायकोने हीच गोष्ट दहा वेळा सांगितलेली असते, पण भांडणात, रडत, आणि तेव्हा तिच्या सासूचाही विषय निघालेला असतो. ऑफिसातल्यांनी सांगणं सोडून दिलेलं असतं. इथे सांगणाऱ्याला तुमच्याकडून काही मिळवायचं नसतं. म्हणून ती गोष्ट पहिल्यांदा ऐकू येते.

ऐकू आल्यावर माणूस खूश होतो असं नाही. बऱ्याचदा तो पुढच्या दोन भेटींना येतच नाही. आला तर म्हणतो, ‘तुम्हीपण त्यांच्यासारख्याच.’ माझ्या मते खरं काम इथे सुरू होतं. नात्याला पडलेली ही चीर आणि तिची दुरुस्ती यावर जेरेमी सॅफ्रन आणि ख्रिस्तोफर म्युरन यांनी बरंच संशोधन केलंय. थेरपिस्ट बचाव करत नाहीत. त्या विचारतात, तुम्हाला नेमकं काय लागलं, आणि त्यातला माझा वाटा मान्य करते. ज्या घरात चूक म्हणजे बेअब्रू असते, तिथे वाढलेल्या मुलाने हे कधी पाहिलेलं नसतं. कुणीतरी ‘हो, यात माझं चुकलं’ म्हणालं आणि तरी त्याची किंमत कमी झाली नाही. हे बघितल्यावर ‘मला माहीत आहे’ म्हणायची गरज थोडी सैल होते.

आपल्या घरांचं इथे बोललं पाहिजे. या सभागृहात कित्येक जण आपल्या खानदानातले पहिले पदवीधर असतील. मोहल्ल्यातला पहिला इंजिनिअर, पहिली फार्मासिस्ट. घरचे भरभरून कौतुक करतात, आणि ते खरं असतं, मनापासून असतं. पण अम्मीला तुमचं काम कळत नाही. ती तुम्हाला दुआ देऊ शकते, दुरुस्त करू शकत नाही. म्हणजे प्रेम करणाऱ्यांकडे माहिती नाही, आणि माहिती असणाऱ्यांवर, म्हणजे बाहेरच्यांवर, विश्वास कितपत ठेवायचा हा प्रश्न.

तो प्रश्न साधा नाही. नाव सांगितल्यावर ज्याचा फ्लॅट ‘कालच गेला’ असतो, त्याला दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणी म्हणालं, तुझं प्रेझेंटेशन कच्चं होतं, तर त्याने काय समजायचं? प्रेझेंटेशन कच्चं होतं, की नाव आडवं आलं? हे दोन्ही खरं असू शकतं, कधी एक, कधी दुसरं. अमेरिकेत जेनिफर क्रॉकर आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर याचा अभ्यास केला. शेरा देणारा आपल्याला पाहतोय हे ठाऊक असलं, की ते विद्यार्थी वाईट शेरा पूर्वग्रहाच्या खात्यात टाकत. त्यामुळे मनाला लागत कमी होतं, एका अर्थी ते संरक्षणच. पण त्याची किंमत अशी, की चांगला शेराही पोचत नव्हता. कौतुक झालं तरी वाटायचं, दया दाखवतोय. अशा माणसाचा स्वतःबद्दलचा अंदाज अधांतरी राहतो. तो कधी फार वर जातो, कधी फार खाली, कारण धरून ठेवायला खुंटीच नाही.

याच प्रश्नावर १९९९ मध्ये जेफ्री कोहेन, क्लॉड स्टील आणि ली रॉस यांनी स्टॅनफर्डमध्ये प्रयोग केला. विद्यार्थ्यांच्या लेखनावर कडक टीका केली. नुसती टीका मिळालेले कृष्णवर्णीय विद्यार्थी पक्षपाताचा संशय घेत आणि पुन्हा लिहायला फारसे उत्सुक नसत. आधी गोड कौतुक लावून टीका केली, त्यानेही पुरेसं झालं नाही. तिसऱ्या गटाला सांगितलं, की आमची पातळी उंच आहे, आणि तुमचं लेखन वाचून तुम्ही ती गाठाल असं मला वाटतं, म्हणून इतकं लिहितोय. टीका तेवढीच कडक होती. इथे मात्र ते पुन्हा लिहायला उठले. चांगला थेरपिस्ट हेच जास्त सावकाश करतो. ‘तुमच्याबरोबर अन्याय झाला हे मी नाकारत नाही, आणि त्या दिवशीची तुमची तयारीही आपण बघू.’ ही दोन वाक्यं एकाच तोंडून ऐकायला मिळणं दुर्मीळ आहे. आपल्या सभांमध्ये पहिलं वाक्य भरपूर ऐकायला मिळतं, ऑफिसात फक्त दुसरं. ज्या थेरपिस्टला यातलं पहिलं वाक्य उच्चारताच येत नाही, तो या कामाला तुमच्या उपयोगाचा नाही, असं माझं मत.

हे सगळं पश्चिमेचं खूळ आहे असं कुणी म्हणालं तर त्याला इमाम ग़ज़ालींकडे पाठवा. ते ११११ साली वारले. ‘इह्या’मध्ये त्यांनी विचारलंय, की माणसाला स्वतःचे दोष कळावेत कसे, आणि चार वाटा सांगितल्यात. दोष ओळखणाऱ्या गुरूजवळ बसणं, खरं बोलणारा मित्र, शत्रूची जीभ, आणि लोकांत मिसळून त्यांच्यात जे दिसेल ते स्वतःत शोधणं. चारही वाटांवर दुसरा माणूस आहे. आपण मुहासबा म्हणजे रात्री दिवा मालवून एकट्याने करायचा हिशेब, एवढंच समजतो. हिशेब एकट्याने करावा, पण नोंदी कुठून येणार? शत्रूची वाट तर मला फार व्यवहारी वाटते. तो वाईट हेतूने बोलतो हे मान्य, तरी मित्र जे लपवतो ते तो सांगून जातो.

बहिणींना वाटत असेल, हे सगळं भावांबद्दल चाललंय. बरंचसं, हो. तुमच्यापैकी अनेकींचा अंदाज दुसऱ्या बाजूला चुकलेला असतो. पदक मिळालेली मुलगी म्हणते, नशीब होतं. तिथेही गोष्ट तीच, अंदाज ताडून पाहायला माणूस मिळालेला नसतो, आणि कामही तसंच चालतं. फक्त थेरपिस्टचं वाक्य बदलतं : ‘मी चांगलं काही म्हटलं की तुम्ही विषय बदलता.’

आता सावधगिरीचं बोलतो. फाजील आत्मविश्वास हा आजार नाही. ‘आठ सेशनमध्ये तुमचा अहंकार घालवतो’ म्हणणारा भेटला तर लांब राहा. नात्यांवर काम करणाऱ्या उपचारांचा भक्कम पुरावा आहे तो मुख्यतः नैराश्यासाठी. जेराल्ड क्लरमन आणि मर्ना वाइसमन यांनी तयार केलेली पद्धत साधारण १२ ते १६ आठवड्यांची असते. युगांडाच्या खेड्यांत स्थानिक लोकांनाच शिकवून ती गटांत वापरली गेली आणि २००३ मध्ये तिचे चांगले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्वतःबद्दलच्या चुकलेल्या अंदाजासाठी तिचा किंवा तिच्या भावंडांचा उपयोग होतो, हे मी तिच्या कामाच्या रीतीवरून म्हणतोय. आणि एखाद्याचा आत्मविश्वास काही दिवसांतच अचानक फुगला, झोप दोन-तीन तासांवर आली, पैसे उधळले जातायत, बोलणं थांबत नाही, तर गप्पा नकोत. तो मेनिया असू शकतो, त्याला सरळ मनोविकारतज्ज्ञाकडे न्या.

शिवाय थेरपिस्टही माणूसच. २०१२ मध्ये १२९ मानसोपचार व्यावसायिकांना स्वतःला गुण द्यायला सांगितलं. एकानेही स्वतःला सरासरीच्या खाली ठेवलं नाही, आणि पाव लोकांनी स्वतःला वरच्या दहा टक्क्यांत बसवलं. २००५ च्या एका अभ्यासात थेरपिस्टना विचारलं, तुमच्या रुग्णांपैकी कोण बिघडेल? ५५० पैकी त्यांनी तिघांची नावं दिली, बिघडले ४०. म्हणून निवडताना विचारा, तुमचं काम तुम्ही कुणा वरिष्ठाला दाखवता का? दर भेटीनंतर मला कसं वाटलं ते तुम्ही विचारता का, की मी आपणहून सांगायचं? या प्रश्नांवर चिडणाऱ्याकडून तुमचा अंदाज दुरुस्त होणार नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा, त्यात संकोच कसला? सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ वर मराठीतही मिळते, पुढे कुठे जायचं ते तिथे विचारता येतं. लग्नाच्या वेळी कळेल, रिश्ता मोडेल, ही भीती बऱ्याच जणांना असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. तुमच्या परवानगीशिवाय ही माहिती तुमच्या मामूंनाही देता येत नाही, मामू कितीही ओळखीचे असोत.

आज रात्री एक कागद घ्या. गेल्या सहा महिन्यांत कोणकोणत्या माणसाने तुम्हाला तोंडावर ‘तू चुकतोयस’ किंवा ‘तू चुकतेयस’ म्हटलं, त्यांची नावं लिहा. प्रत्येक नावापुढे, त्यानंतर त्या माणसाशी तुमचं बोलणं वाढलं की कमी झालं, ते लिहा. कागद कोरा राहिला तर तो घेऊनच थेरपिस्टकडे जाता येईल, पहिल्या भेटीला तेवढं पुरतं.

प्रश्न चिठ्ठीवर द्या, नाव घालायची गरज नाही. चहा तयार आहे असा निरोप आलाय, तेव्हा पहिल्या पाचच चिठ्ठ्या आता घेतो.